मास्टर्स आणि मास्टरिंग

बहिरी हे नाव तिला आईनं ठेवलं. कानांवर हेडफोन चढवून बसली की घरात भांडं पडो, दारावरची बेल वाजो, कुणी हाका मारून घसा कोरडा करो, ही ढिम्म. वास्तविक तिच्याइतकं बारीक ऐकणारं माणूस त्या अख्ख्या इमारतीत नव्हतं. फ्रिजचा आवाज बदललाय हे ती स्वयंपाकघरात पाऊल न टाकता सांगायची, आणि आठवड्याभरात फ्रिज खरंच बंद पडायचा. पण टोपणनाव एकदा चिकटलं की चिकटलं.

तिचा म्युझिक प्रॉडक्शनचा कोर्स संपत आला होता आणि पुढे काय, या प्रश्नानं तिच्या डोक्याचा भुगा केला होता. कॉलेजनं मार्गदर्शनासाठी एक दिवस ठेवला, तो बहुधा मुलांना कळत होतं तेवढंही कळेनासं व्हावं म्हणूनच. सकाळी एक गृहस्थ येऊन सांगून गेले की भवितव्य आहे ते व्हिडिओ गेममध्ये, तिथे पावलांचे आणि दारांचे आवाज तयार करणाऱ्यांना मरण नाही. ते स्टेजवरून उतरतात न उतरतात तोच मोठ्या कार्यक्रमांचा साउंड सांभाळणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी खोलीत बसून काम करणाऱ्या समस्त जमातीची कीव केली. जेवणानंतर एकानं ध्वनिशास्त्राची पदवी घेऊन सभागृहांची कामं करा म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्यानं या धंद्यात पदवी कुणी विचारत नाही म्हणून हसून घेतलं. आणि शेवटी कॉलेजातलेच सर उठून म्हणाले की मास्टर्स नसेल तर उद्या शिकवायची दारंसुद्धा बंद. जो बोलेल त्याचं बहिरीला पटायचं. संध्याकाळपर्यंत तिनं मनातल्या मनात पाच वाटा धरल्या आणि सोडल्या. मला विचाराल तर ती माणसं सल्ला देतच नव्हती, आपण जे करून बसलो ते बरोबरच होतं, हे स्वतःला समजावत होती. पण हे कळायला वय लागतं, आणि बहिरीकडे तेवढं नव्हतं.

या सगळ्या गोंधळात तिला मनापासून आवडलेली एकच गोष्ट होती. कोर्समधलं स्वतःचं गाणं घेऊन ती एकदा एका मास्टरिंगच्या स्टुडिओत गेली होती. गाण्यातले सगळे आवाज एकमेकांशी जुळवून झाले, की ते लोकांपुढे जाण्याआधी कुणीतरी त्यावरून शेवटचा हात फिरवतं, ते मास्टरिंग. ते करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. जाड पडद्यांची खोली, मध्ये एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेला हा माणूस. त्यानं तिचं गाणं तीनदा ऐकलं आणि कसलंसं एक बटण केसभर फिरवलं. बस्स. आणि गाण्यावरची धूळ पुसल्यासारखं झालं. मग त्यानं तिलाच विचारलं, काय बदललं? तिनं सांगितलं. त्यानं पुन्हा काहीतरी फिरवलं, तिनं पुन्हा सांगितलं. मास्तर बोलण्यात कंजूष. निघताना एवढंच म्हणाला, की त्याची मदतनीस मुलगी काम सोडून चालली आहे, यायचं असेल तर कळव.

ती घरी आली ती हवेतच. बाबा नुकतेच कामावरून येऊन बेसिनपाशी हातांचं ग्रीस काढत होते. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या खोल उभ्या खड्ड्यात शिडीनं चढायचं, उतरायचं, लटकून काम करायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि आता उजवा गुडघाही चालला होता. कंपनीत खाली ऑफिसात बसून तक्रारी घ्यायची एक जागा रिकामी होणार होती. पगार कमी, पण चढउतार नाही. ती बाबांनाच मिळणार हे नक्की होतं, आणि आई त्या जागेकडे डोळे लावून बसली होती.

नळ वाहत होता. बहिरी म्हणाली, "बाबा, माझं ठरलं. मला मास्टरिंग करायचंय."

"मास्टर्स?" बाबांनी साबणाच्या हातांनीच मागे वळून विचारलं.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. एका शब्दाचा प्रश्न होता. पण बाबांचं शिक्षण अर्ध्यात सुटलं होतं, आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा असा काही फुलला, की नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. शिवाय सरांचं बोलणं कानात ताजं होतं. मास्टर्स वाईट थोडंच होतं? ती म्हणाली, "हो, म्हणजे, तसंच काहीतरी." आणि इथेच सगळं घोडं अडलं.

बाबांनी ही बातमी लिफ्टनं नेली असावी, इतकी ती प्रत्येक मजल्यावर पोचली. शेजारची म्हातारी बहिरीला आता अहोजाहो करू लागली. आत्याचा फोन आला, आमच्या घरातली पहिलीच म्हणून ती रडलीसुद्धा. बहिरीनं मूग गिळले. शोभेपुरता एक अर्ज केला, परगावच्या एका विद्यापीठात, ध्वनीच्या दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी. मिळणार नाही याची तिला खात्री होती, म्हणून तो मन लावून लिहिला, आणि नेमका प्रवेश मिळाला.

आता दोन्हीकडून विचारणा सुरू झाली. विद्यापीठाला सोमवारपर्यंत होकार हवा होता आणि मास्तरलाही त्याच आठवड्यात माणूस हवं होतं. बहिरीनं सरांना गाठलं. ते म्हणाले, नोकरी काय नंतरही मिळते. मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली, शिक्षण काय नंतरही घेता येतं. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे उपयोग कुणाचाच नव्हता. ती सकाळी मास्टर्सची होऊन उठायची आणि दात घासून होईपर्यंत मास्टरिंगची व्हायची. तिला चक्क रडू यायचं. इतकी वर्षं कान तयार केले, आणि आपल्याच मनाचा आवाज कोणता ते ओळखू येत नाही, याची तिला लाज वाटायची.

रविवारी दुपारी बाबा गुडघ्याला शेक देत बसले होते. आईनं पिशवी गरम करून दिली ती जरा आदळूनच. बहिरीनं विचारलं, खालच्या जागेचं काय झालं? आई आत निघून गेली. बाबा म्हणाले, सोडली. दोन वर्षांचा प्रश्न आहे, तोवर वरचीच कामं बरी, हातात चार पैसे जास्त येतात. त्यांनी ते अगदी सहज सांगितलं.

मग तिनं सगळं ओकून टाकलं. मास्टर्स नाही, मास्टरिंग. दोन्ही वेगळं. तेव्हा नळ वाहत होता, त्यांना चुकीचं ऐकू आलं आणि आपण गप्प बसलो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पिशवी गुडघ्यावरून घसरली तरी त्यांनी ती उचलली नाही.

"नळाचं नाव कशाला?" ते म्हणाले. "मला बरोबरच ऐकू आलं होतं. शब्द ओळखीचा नव्हता, म्हणून मी ओळखीचा लावून घेतला. आणि तू हो म्हणालीस."

बहिरी घाईनं म्हणाली की आता तुम्ही जागा सोडलीच आहे, तर मी मास्टर्सच करते. त्यावर बाबा भडकले. माझ्या गुडघ्यासाठी शिकणार असशील तर मुळीच शिकू नकोस, असं त्यांनी सुनावलं. मग जरा खाली येऊन विचारलं की हे मास्टरिंग म्हणजे असतं तरी काय.

तिनं टेबलावरच्या स्पीकरांवर आपलं गाणं लावलं, आधी मास्तरचा हात फिरण्यापूर्वीचं, मग नंतरचं. दुसऱ्या कुणी बापावर छाप पाडायला दुसरं गाणं जरा मोठ्यानं वाजवलं असतं, कारण मोठं वाजतं ते चांगलंच वाटतं. पण ही पडली मास्टरिंगवाली. तिनं इमानेइतबारे दोन्हींचा आवाज आधी अगदी सारखा करून घेतला.

"दोन्ही एकच आहेत," बाबा म्हणाले.

तिनं पुन्हा लावलं. बाबांनी डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकलं. मनापासून प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, "नाही गं. मला काही कळत नाही. तुला खरंच कळतं?"

ती भिंतीकडे तोंड करून बसली. बाबा मनाला येईल तसं कधी हे, कधी ते लावत गेले, आणि ती सांगत गेली. आधीचं. नंतरचं. नंतरचं. आई दारात येऊन उभी राहिली. बाबांनी मध्येच लबाडी केली, तेच गाणं थांबवून पुन्हा तेच सुरू केलं. बहिरी भिंतीलाच म्हणाली, "बदललं नाही तुम्ही." एकदाही चुकली नाही ती. बाबांनी स्पीकर बंद केले.

"विद्यापीठाला नाही म्हणून कळव," ते म्हणाले. "मी साहेबांना फोन करून बघतो, ती जागा आहे का अजून."

लंगडत ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. बहिरीनं लॅपटॉप उघडला. नकार लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. आपण बरोबर करतोय की नाही ते तिला अजूनही कळत नव्हतं. आत बाबांचा आवाज आला. "बरं, बरं. नाही, तसं काही नाही. सहज विचारलं."

बाबा बाहेर आले ते हसतच. म्हणाले, "बघतो म्हणालेत साहेब. होईल म्हणाले काहीतरी."

आईनं सुटकेचा श्वास टाकला. बहिरी "बरं" म्हणाली आणि तिनं नकार पाठवून दिला. ती जागा शुक्रवारीच दुसऱ्याला दिली, असं फोनमधला माणूस म्हणाला होता, आणि बंद दाराआडूनही तिला ते स्वच्छ ऐकू आलं होतं.