उजवा खांदा

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरावर मोईन मुकादमला ऊन लागतच नाही, असं त्याच्या हाताखालची माणसं म्हणत. ऑगस्टमध्ये कंटेनरच्या पत्र्याला हात लागला तर कातडी चिकटायची. ड्रायव्हर लोक केबिनमध्ये शर्ट काढून बसायचे आणि हा यार्ड सुपरवायझर गळ्यापर्यंत बटणं लावून, वर नारिंगी जाकीट चढवून हिंडायचा. शर्टाच्या आत एकावर एक दोन बनियन असत, तेही एक नंबर लहान. ऊन त्याला लागत होतं, चांगलं सडकून लागत होतं. दोनदा तर चक्कर येऊन पडलाही होता. पण उन्हापेक्षा लोकांच्या नजरेचा त्याने धसका घेतला होता.

मोईनची छाती बायकांसारखी होती. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, कारण लोकांनी त्याला ते आयुष्यभर तोंडावरच सांगितलं. वयात येताना सुरू झालं. 'होतं असं, जाईल आपोआप,' असं दापोलीचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ते काही गेलं नाही. पुढे मोईन पळाला, दंड-बैठका काढल्या, कुणी सांगितलेला काढा प्याला, पण छाती तसूभर हलली नाही. गावची पोरं खाडीत उड्या मारायची तेव्हा हा जेट्टीवर बसून सगळ्यांच्या कपड्यांची राखण करायचा. पोरं त्याला भला पोरगा म्हणायची. भला कसला, बिचाऱ्याला पाण्याची केवढी हौस होती!

फिरदोसशी लग्न झालं, मुलगी नबिला झाली, तो आखातात नोकरीला लागला, मागोमाग दोघी इकडे आल्या, बंदराजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. शुक्रवारी अख्खं गाव कॉर्निशवर, समुद्राकाठी, लोटतं तेव्हा मोईन सतरंजीवर बसायचा आणि बायको-मुलीच्या चपला सांभाळायचा. नबिला लहान असताना हात ओढायची. मोठी झाल्यावर तिने ते सोडलं. "पप्पा डझन्ट लाइक वॉटर," असं ती मैत्रिणींना सांगायची. मोईन ऐकायचा आणि मान हलवायचा.

हे सगळं त्याने निभावून नेलं असतं. पंचवीस-सव्वीस वर्षं नेलंच होतं. घोडं अडलं होतं ते उमराला, मक्केच्या यात्रेला.

अब्बा गेल्यापासून अम्माचं, म्हणजे मैमुनाबीचं, एकच मागणं होतं: पोराने एकदा उमराला न्यावं. आणि इथून मक्केला जाणं काही अवघड नव्हतं. हमदुल्ला चाचा शेजारच्या गावचे, खोर फक्कानमध्ये त्यांचं किराणा दुकान. ते दर हिवाळ्याला आपल्या पट्ट्यातल्या लोकांची बस काढत. सगळे जाऊन आले होते. ज्यांना नमाज धड येत नव्हती तेही जाऊन आले. मोईन मात्र दर वर्षी गावी फोन करून सांगायचा, "अम्मा, यंदा रजा नाही. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

रजा मिळत होती. पण उमराला पुरुषाने शिवलेलं काही घालायचं नसतं. इहरामची दोन पांढरी कापडं, एक कमरेला, एक खांद्यावरून. आणि काब्याभोवती फेरे घालताना वरचं कापड उजव्या काखेखालून घेऊन डाव्या खांद्यावर टाकायचं, उजवा खांदा उघडा ठेवायचा. खांद्याबरोबर छातीही अर्धी उघडी पडते. बाजूला हमदुल्ला चाचा, मागे बंदरावरचा याकूब, पुढे गावचा नूरुद्दीन, ज्याने शाळेत त्याला नाव पाडलं होतं.  अल्लाच्या घरी जाताना लोकांची भीती वाटते, हे कुणाला सांगणार? सांगायचीही लाज, आणि वाटण्याचीही लाज.

शेवटी फिरदोसनेच विषय काढला. बनियनच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "सरकारी हॉस्पिटलमध्ये दाखवा ना एकदा. इलाज असतो म्हणे."

"कशाचा?"

"ओ, इतकी वर्षं हे मीच धुते. मला काय विचारता कशाचा?"

मोईन उठून बाल्कनीत गेला. समोर डोंगर होता, त्याच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने अपॉइंटमेंट घेतली.

त्यानंतर वर्षभर तो नुसता दमला. सरकारी दवाखान्यात उपचार मिळतात, पण आधी आपलं दुखणं खरं आहे हे प्रत्येक खिडकीला पटवावं लागतं. विमावाले म्हणाले, हे शोभेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, शोभेचं नाही, पण आधी हार्मोन तपासा. रक्त दिलं. लिव्हर तपासलं. मग म्हणाले, मॅमोग्राम करून या. ती खोली बायकांच्या विभागात. मोईन दाराशी घुटमळत उभा, आणि आत सगळ्या अबाया घातलेल्या बायका. एका म्हाताऱ्या अरब बाईला त्याची दया आली. तिने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "मदाम अंदर?"

"हां," मोईन म्हणाला.

तेवढ्यात नर्सने बाहेर येऊन त्याचंच नाव पुकारलं. म्हातारी बघत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मोईनला त्या दारातून आत जाताना कळलं. आत मशीनच्या थंड काचेवर छाती दाबून उभा असताना त्याने ठरवलं, खलास, आता पुढे नाही. आणि बाहेर आल्यावर पुढची तारीख घेतली. माघारी जाण्याइतकं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं.

मग कौन्सेलरकडे पाठवलं. या ऑपरेशनआधी मन तयार आहे का ते बघतात. ती सीरियाची बाई होती, शांत, घाई नसलेली. तिने सांगितलं, रोज आरशासमोर कपड्यांशिवाय उभं राहायचं आणि काय दिसतं ते मनात बोलायचं. मोईन बाथरूमची कडी लावून, नळ सोडून उभा राहायचा. पहिले काही दिवस तो आरशात फक्त स्वतःच्या कपाळाकडे बघत होता. बाहेरून फिरदोस ओरडायची, पाणी किती वाया घालवता! मग हळूहळू नजर खाली आणली. मनात बोलायला शब्द सापडेनात. जे सापडत ते सगळे दुसऱ्यांचे होते, शाळेतले, बंदरावरचे. स्वतःचा असा एकच शब्द सापडला: कंटाळा. लपवायचा कंटाळा.

कौन्सेलरने ते ऐकून मान डोलावली. व्रण राहतील, बधिरपणा राहील, छाती अगदी सपाट होईलच असं नाही, चालेल? चालेल. मग तिने विचारलं, ऑपरेशननंतर सगळ्यात आधी काय कराल? ती बहुतेक समुद्राचं उत्तर धरून बसली होती.

"आईला उमराला नेईन," मोईन म्हणाला.

"आणि आईला हे माहीत आहे?"

मोईनने शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

ऑपरेशन उन्हाळ्यात व्हायचं होतं, ते ढकलत ढकलत डिसेंबरवर आलं. इकडे हमदुल्ला चाचांनी न विचारताच मायलेकाची नावं बसच्या यादीत घातली आणि गावी कळवूनही टाकलं. मैमुनाबी व्हिजिट व्हिसावर येऊन दाखल झाली. सोबत सुके बोंबील, कोकमं आणि पोरासाठी रत्नागिरीहून आणलेली दोन पांढरी कापडं. मोईनने मनाशी हिशेब घातला: आधी ऑपरेशन, दोन आठवड्यांनी बस. टाके सुटलेले असतील. लोकांना हर्नियाचं सांगू. आयुष्यात पहिल्यांदा सगळं बरोबर जुळून येतंय असं त्याला वाटलं. त्या आठवड्यात तो घरात चक्क गुणगुणत होता.

ऑपरेशनच्या आधी नर्स बसवून सगळं समजावते. तिने कपाटातून एक घट्ट, जाड, पुढे हुक असलेलं जाकीट काढलं. हे सहा आठवडे अंगावर, दिवसरात्र. फक्त आंघोळीपुरतं काढायचं.

मोईनने ते हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. काखेत शिवण, खांद्यावर शिवण, खाली दुहेरी शिवण. बंदरावर हजारो कंटेनरचा माग ठेवणारा माणूस हा, आणि ऑपरेशननंतर अंगावर शिवलेलंच कापड येणार हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दोन वीक नंतर थोडे तास काढलं तर?" त्याने विचारलं.

नर्स केरळची मुसलमान होती. तिने कारण विचारलं आणि तिला ते लगेच कळलं. मजबुरी असेल तर इहराममध्येही शिवलेलं चालतं, बकऱ्याचं दान द्यावं लागतं, असं तिनेच सांगितलं. पण डॉक्टरांना विचारल्यावर ते ठाम नाही म्हणाले. एवढा बसचा प्रवास, तिथली गर्दी, छातीवर एक कोपर बसलं तर आत रक्त साकळेल. आणि तारीख सोडली तर पुन्हा यादीच्या शेवटी.

घरी येताना मोईनने गाडी रस्त्याकडेला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. रडायला येईल असं त्याला वाटलं होतं. तेही आलं नाही. नुसती झोप येत होती.

अम्मा स्वयंपाकघरात खाली बसून सोडे निवडत होती. मोईन तिच्यासमोर जमिनीवरच बसला आणि सगळं सांगून टाकलं. छाती, शाळा, मशीन, जाकीट. उमरा का टाळला तेही. मान वर न करता बोलला. अम्माचा हात थांबला होता एवढंच त्याला दिसत होतं.

"म्हणून नेलं नायस मला?" तिने विचारलं.

"हो."

"रजेचं खोटं?"

"हो, अम्मा."

तिने हातातला सोडा निवडून ताटात टाकला. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला माजी लाज वाटते."

मोईनने वर बघितलं.

"मला लिवता-वाचता येत नाय. एअरपोर्टवर चुकते. मोठ्याने बोलते. मला वाटलं, पोराला साहेब लोकांत मला न्यायला नको वाटतं. गावात मी सगळ्यांना सांगायचे, माज्या मोईनला रजा नाय मिळत. लोक हसायचे. मी अल्लाकडे मागायचे, माज्या पोराच्या मनातली माजी लाज काढ. एवढी वरसं मी ह्ये मागितलं, मोईन. भलतंच मागत बसले."

 अम्माने सोड्यांचं ताट उचललं आणि ती ओट्याकडे वळली. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. फिरदोसशी बोलायची, नबिलाशी बोलायची, आणि हा खोलीत आला की तसबीहची माळ घेऊन भिंतीकडे तोंड करायची. मोईनला वाटलं, हे सांगितलं नसतं तर बरं. मग वाटलं, जाऊ दे ते ऑपरेशन, बसमध्ये बसू, जे व्हायचं ते होऊ दे. त्याने हॉस्पिटलचा नंबर काढला, मोबाईल हातात धरून बसला, पण लावला नाही.

तिसऱ्या दिवशी हमदुल्ला चाचा पासपोर्ट न्यायला आले. मोईन तोंड उघडणार तेवढ्यात अम्माच आतून म्हणाली, "हमदुल्ला, आमची नावं काढ."

"का चाची? काय झालं?"

"पोराचं ऑपरेशन हाय."

"कसलं ऑपरेशन?"

"त्याच्या अंगाचं. तुज्या नाय."

चाचा ओशाळले. बसल्या जागी चुळबुळले आणि म्हणाले, "मग तू तरी चल. माझी बायको आहे सोबत. एवढ्या लांबून आलीस, हातातोंडाशी आलेलं कशाला सोडतेस? तुझे गुडघे बघ, वय बघ."

"एकटीनेच जायचं असतं तर गावातून नसते गेले? मला याच्याबरोबर जायचं हाय." एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली. व्हिसाची मुदत संपत आली होती आणि पुढच्या हिवाळ्याचं कुणी सांगावं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मोईनने चहा घेतला. मग दोन्ही पासपोर्ट परत कपाटात ठेवले.

ऑपरेशनच्या दिवशी फिरदोस बाहेर काउंटरवर कार्ड आणि सह्यांच्या भानगडीत अडकली. अम्मा मोईनच्या मागे मागे पडद्याच्या आत गेली. मोईन हॉस्पिटलच्या झग्यात पलंगाच्या कडेला बसला होता, दोन्ही हात छातीवर बांधून. डॉक्टर जांभळं पेन घेऊन आले. कुठे कापायचं त्याच्या खुणा करायच्या होत्या आणि त्यासाठी त्याने उभं राहून झगा खाली करायला हवा होता. नर्सने अम्माला बाहेर जायला इंग्रजीत सांगितलं, मग खुणेने. अम्मा हलली नाही. तिला कळलं नव्हतं असं म्हणता येईल, पण तिला चांगलंच कळलं होतं.

"मदर?" डॉक्टरांनी मोईनला विचारलं. "ओके?"

 मोईन उभा राहिला आणि त्याने मानेमागची गाठ सोडली. झगा कमरेपर्यंत खाली आला. एसीची थंड हवा अंगाला लागली. डॉक्टर वाकून रेघा मारू लागले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मोईन समोरच्या पडद्याकडे डोळे लावून उभा राहिला. वयात आल्यापासून अम्माने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. ती आता काय बघत असेल, तिच्या चेहऱ्यावर काय असेल, याची त्याला धास्ती होती.

शेवटी त्याने तिच्याकडे बघितलं. अम्मा छातीकडे बघतच नव्हती. ती त्याच्या बरगड्या बघत होती, गळ्याखालची हाडं बघत होती.

"किती वाळलास रे," ती म्हणाली. "जेवतोस तरी का नीट?"