आई, सूप आणि शून्य टक्के लोड

मी उमरग्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. "मशीनमध्ये काहीतरी शिरलंय हो," म्हणत गिऱ्हाईकं येतात, आणि उघडून बघावं तर आत धूळ नाहीतर मेलेली पाल. त्यामुळे असल्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी हसणारा मीच. आता तुम्ही हसा माझ्यावर... पण शेवटपर्यंत वाचून मग हसा!

आमचं घर जळकोटला, हायवेला लागून. आई जायच्या आदल्या वर्षी मी मोबाईलवर तिचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढला होता. अंगणात बसून ज्वारी पाखडतेय, बस्स. ती गेल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाईलवर नीट दिसेना, म्हणून मी हौसेनं तो त्यांच्या कॉम्प्युटरवर चालता वॉलपेपर करून दिला. अण्णा रोज सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसायचे.

माझी चूक अशी, की मोबाईलमधला भलामोठा फोर-के व्हिडिओ मी जसाच्या तसा लावला. जुनं मशीन, चार जीबी रॅम. दुसऱ्याला सांगितलं असतं तर मीच शिव्या घातल्या असत्या!

गेल्या उन्हाळ्यात दुपारी साडेतीनला पुतणीचा, पल्लवीचा, फोन आला. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म, पाच वाजता मुदत संपणार, पोर्टल मोबाईलवर उघडेना आणि अण्णांचा कॉम्प्युटर हँग. वर्षभर अभ्यास केलेली पोर रडत होती. मी गाडीला किक मारली. घाईत लॅपटॉप दुकानातच राहिला.

पोचलो, टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामची यादी, उघडला. प्रोसेसर सत्त्याण्णव टक्के! सगळं खात होता तो वॉलपेपर.

"अण्णा, हे तासभर बंद करतो."

"बंद न्हाय करायचं." अण्णा जागचे हलले नाहीत. "एकदा थांबल्याली बघितलीय म्या तिला. परत न्हाय बघायची."

बसलो कामाला. व्हिडिओ स्क्रीनच्या मापाचा केला, सेकंदाला साठ फ्रेम्सच्या चोवीस केल्या, आवाज काढून टाकला, हार्डवेअर डिकोडिंग चालू केलं म्हणजे प्रोसेसरचं काम ग्राफिक्सनं उचलावं. सत्त्याण्णवचे तीस झाले. मी खूश! पण फोटो अपलोड करायला घेतला की परत गोल चक्र फिरायला लागायचं. चार पस्तीस... चार बेचाळीस...

"काका, जाईल ना हो?" पल्लवीचा आवाज फुटत होता.

मग मी अण्णांशी खोटं वागलो. फॉर्मची खिडकी पूर्ण स्क्रीनभर होती, मागचं कुणाला दिसत नव्हतं. गुपचूप वॉलपेपरचा प्रोग्राम बंद केला. यादीतून नाव गेलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. फोटो चढला, सही चढली, आणि चार बावन्नला फॉर्म सबमिट! पल्लवी टाळ्या पिटत ओरडली. मीही ओरडलो. प्रिंट घेऊन ती चपला घालायला लागली, तिच्या आईला दाखवायला शेतात निघालेली.

आणि मला आठवलं... मागं आता नुसती निळी स्क्रीन असणार. अण्णांना काय सांगायचं? भीत भीत खिडकी खाली केली.

आई पाखडत होती.

मी टास्क मॅनेजर उघडला. प्रोग्राम यादीत नाही. ग्राफिक्सवर लोड शून्य! एखादी फ्रेम अडकून राहते, मान्य. पण अडकलेली फ्रेम हलत नाही हो! आणि खरं सांगतो, मला भीती नाही वाटली... आनंद झाला.

तेवढ्यात आईनं सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. मान वळवून दाराकडं बघितलं, जिथं पल्लवी उभी होती.

आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी परीक्षेला, नोकरीला, कसल्याही चांगल्या कामाला निघालं की आई पाखडणं थांबवायची, आणि माणूस उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत सुपाला हात लावायची नाही. मी मुंबईला कोर्सला निघालो तेव्हाही तिनं असंच केलं होतं.

"जा बाळा, निघ," अण्णा पल्लवीला म्हणाले. "आजी थांबलीय तुझ्यासाठी."

पल्लवीनं स्क्रीनकडं बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि हसत-रडत बाहेर पळाली. आईनं सूप उचललं. दोनदा पाखडलं आणि मग स्क्रीन निळी झाली.

नंतर मी तो व्हिडिओ एकेक फ्रेम करून तपासला. मूळ फाईल आणि लहान केलेली, दोन्ही. पूर्ण मिनिटभर सूप एकदाही खाली जात नाही. मान वळत नाही. दुकानातल्या मशीनवर, तीच फाईल, तेच सेटिंग, शंभरदा करून बघितलं. प्रोग्राम बंद केला की निळी स्क्रीन. दरवेळी.

पल्लवीला प्रवेश मिळाला. ज्या दिवशी ती हॉस्टेलला गेली, त्या दिवशी मी अण्णांपाशी कबूल केलं, "त्या दिवशी मी बंद केलं होतं ओ ते."

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "ठावं हाय मला."

"मग ती चालू कशी राहिली?"

"व्हय रे," अण्णा म्हणाले, "तुझी माय कवा तुझ्या बटणावर चालायची?"