टेकाडाभोवतीची फेरी

सलमाबादच्या वर्कशॉपमधून फोन आला आणि मधुकर गेल्याचं कळलं. हार्ट अटॅक. सकाळी तर जिन्यात माझी थट्टा करून कामावर गेला होता... आता महिना उलटून गेला, तरी सुट्टीच्या शुक्रवारी माझे कान त्याच्या खटारा गाडीच्या हॉर्नकडे असतात.

मी रत्नागिरीचा, तो अकोल्याचा. नव्वदच्या सुमारास बहारीनला एकाच बिल्डिंगमध्ये राहायला आलो आणि दोस्ती जमली. आठवडाभर एसी दुरुस्त करणारा हा गडी सुट्टीत जुने अवशेष बघत भटकायचा आणि मलाही ओढून न्यायचा. जनाबियाच्या रस्त्याला मातीची ती गोल टेकाडं पहिल्यांदा दिसली, तेव्हा त्याने करकचून ब्रेक मारला. "हनिफ, स्तूप हायेत! आपले लोकं इथंबी पोचले होते लेका!" चपला काढून, हात जोडून, टेकाड उजवीकडे ठेवत स्वारी प्रदक्षिणेला निघालीसुद्धा. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बहारीनी गृहस्थाने आपली गाडी थांबवली. "ये कबर है, कबर! बहुत पुराना. चप्पल पहनो, पैर जलेगा!" मी पोट धरधरून हसलो. मधुकरचा चेहरा एवढासा झाला, पण फेरी त्याने पुरी केली. "आत माणूसच झोपलं हाय ना? मंग काय बिघडलं?" त्यानंतर कुठल्याही टेकाडापाशी तो चपला घालून गेला नाही.

त्याची लेक प्रज्ञा मात्र गाडीतच बसून राहायची. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. "पप्पा, इट्स जस्ट मड!" तो हसायचा, पण एकदा परतताना म्हणाला, "माहं काय राहीन रे पोरीजवळ? ना भाषा, ना गाव..."

अंत्यविधी अकोल्यात झाले. मग मायलेकी इथलं घर आवरायला आल्या; व्हिसा त्याच्या नोकरीवरचा, आता कायमचं जायचं होतं. निघायच्या आधीच्या शुक्रवारी प्रज्ञा माझ्या दारात उभी. "अंकल, कॅन वी गो टू पप्पाज हिल्स?"

मी तिला घेऊन गेलो. गाडीतून उतरून, खाली वाकून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या.

"काका, बूट कुठं ठेवू?"

तिच्या तोंडून मी मराठी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी हात पुढे केले. टेकाड उजवीकडे ठेवून ती अनवाणी चालू लागली, आणि मी तिचे बूट छातीशी धरून उन्हात रडत उभा राहिलो.