रक्त कुणाचं?

गावात सगळे तिला दुभाषीबाई म्हणत. माहेर डोंगरातलं, सासर खाली सपाटीवरचं, त्यामुळे दोन्ही भाषा जिभेवर. सासूबाई म्हणायच्या, "ही दोन भाषांत भांडते, आपण एकीतच हरतो."

डोंगरातल्या लोकांनी वेगळं राज्य मागितलं तेव्हा घटनेप्रमाणे आयोग नेमला गेला. आयोगाने सगळ्यांचं ऐकायचं, विधानसभेचं मत घ्यायचं, मग डोंगरात मतदान. पण एका कलमाची टांगती तलवार होती: मागणीमागे हिंसेची धमकी दिसली तर सुनावणी बंद आणि डोंगरात लष्कर.

जसंच्या तसं भाषांतर करायची शपथ घेऊन ती नगरपालिकेच्या सभागृहात आयोगापुढे बसली. साक्षीला उभा राहिला तिचा सख्खा दादा, चळवळीचा पुढारी. नातं तिने आधीच सांगितलं होतं; पण दोन्ही भाषा येणारं दुसरं होतं कोण?

दादा शांतपणे बोलत होता. पोरांना शाळेत परकी भाषा, साध्या दाखल्यासाठी दोन दिवसांची पायपीट. मागच्या बाकांवर चळवळीच्या पोरांत चुळबुळ सुरू झाली. "मिळमिळीत बोलू नका!" कुणीतरी ओरडलं. दादाचा आवाज चढला.

"राज्य नाही मिळालं तर रक्त सांडेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शब्द मऊ केला तर शपथ मोडते. तसाच सांगितला तर सुनावणी बंद, डोंगरात लष्कर आणि भाऊ गजाआड.

"काय म्हणाले?" अध्यक्षांनी विचारलं.

तिने शब्दाला शब्द सांगितला. दारातला फौजदार पुढे सरसावला. दादा तिच्याकडे परक्यासारखा बघत राहिला.

"ही धमकी समजायची का?" अध्यक्षांनी तिलाच विचारलं.

"ते मी कसं ठरवणार, साहेब? रक्त कुणाचं, ते वाक्यात नाही. त्यांनाच विचारू?"

अध्यक्षांनी मान हलवली. ती भावाकडे वळली. "दादा, रक्त कुणाचं?"

त्याने मागे पाहिलं. पोरं डोळे रोखून बसली होती. त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"आमचंच गं," तो म्हणाला. "पोलिसांच्या गोळीबारात आमची तीन पोरं आधीच गेली. अजून किती घालवू?"

"भेकड!" मागून आवाज आला. बाकं आपटत काही जण बाहेर पडले. अध्यक्षांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तिने दादाचं उत्तर भाषांतर करून सांगितलं, आणि मागचा 'भेकड'ही.

सुनावणी चालू राहिली. पुढे विधानसभेने वेगळ्या राज्याला विरोध केला. मग तडजोड होऊन डोंगराला स्वतःची परिषद, शाळेत स्वतःची भाषा आणि जमिनीवर हक्क मिळाला. मतदानात ते जेमतेम मंजूर झालं. निम्मा डोंगर दादाला विकला गेलेला म्हणू लागला.

कित्येक महिने तो बहिणीशी बोलला नाही. मग एका दुपारी दारात उभा.

"भरसभेत विचारायची गरज होती?"

"होती."

"आणि मी 'त्यांचं' म्हटलं असतं तर?"

"तेही सांगितलं असतं."

तो चपला काढून आत आला.