भिंतीवरचा डावा डोळा

माझा मित्र दिलीप गेल्याचं त्याच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, मला सकाळी फोनवर सांगितलं. झोपेतच गेला, त्रास झाला नाही, असं एका दमात बोलून त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, “भावजी, हेंद्रेपाड्याला कोण कळवणार?” नातेवाईक पुण्याला होते, साताऱ्याला होते, त्याची बहीण नाशकात होती. वहिनींना आधी आठवलं ते बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातलं एक घर. त्या घराशी दिलीपचं रक्ताचं नातं नव्हतं. तिथल्या मुलीचा पहिल्या वाढदिवसापासून दरवर्षी तो फोटो काढत होता, एवढंच वहिनींना ठाऊक होतं. त्यापुढचं मला ठाऊक होतं. त्याने ते त्या घरात सांगितलं होतं की न सांगताच तो गेला, हे मात्र मला माहीत नव्हतं. “मी कळवतो,” असं मी म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत कळवलं नाही.

दिलीप लहान मुलांचे फोटो काढायचा. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, औषधाच्या दुकानावर, त्याचा स्टुडिओ होता. सुरुवातीची काही वर्षं तो आमच्या वर्तमानपत्रासाठीही काम करायचा. कारखान्यातल्या आगी, पाणी साचलेले रस्ते, पुढाऱ्यांचे सत्कार. नंतर त्याने ते सोडलं. पुढारी सांगितल्याशिवाय हसत नाहीत आणि सांगितल्यावर फार हसतात, असं त्याचं कारण होतं. मुलांच्या बाबतीत कुठली लेन्स लावायची हे तो मूल पाहून ठरवायचा, आईबाप काय म्हणतात त्यावरून नाही. अंगावर धावून येणाऱ्या, कॅमेऱ्याला हात लावणाऱ्या मुलासाठी पस्तीस मिलिमीटरची. मग तो जमिनीवर पालथा पडायचा आणि मूल जवळजवळ त्याच्या अंगावर असायचं. शांत बसणाऱ्यासाठी पंचाऐंशीची, तीन-चार पावलांवरून. आणि अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदरात तोंड खुपसणाऱ्या मुलासाठी त्याच्याकडे एक लांब, जड लेन्स होती. ती लावून तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहायचा, कधी दाराबाहेर पॅसेजमध्ये. “च्यायला, हा भोंगा बघून पोरं रडतात,” म्हणत त्याने त्या लेन्सवर बाळाचं जुनं कानटोपरं चढवलं होतं. घाबरलेलं मूल लांबूनच बघावं, जवळ जाऊन त्याला हसवायचा प्रयत्न करणं ही मोठ्यांची दादागिरी आहे, असं तो म्हणे. ही लांब लेन्स त्याने उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडून सेकंडहँड घेतली होती. आत बुरशी धरलेल्या लेन्स स्वस्तात मिळतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून त्या लेन्सवर त्याचा पहिल्यापासून थोडा संशय होता. पुढे जे झालं त्यात या संशयाचा वाटा मोठा आहे.

सईचा पहिला वाढदिवस बदलापुरात एका हॉलमध्ये झाला. (सई आणि तिची आई अर्चना ही नावं मी बदलली आहेत. अर्चनाताईंनी हा मजकूर छापण्याआधी वाचला आहे आणि सईलाही वाचून दाखवला आहे.) सई बुजरी होती, म्हणून दिलीप बहुतेक वेळ लांब लेन्स लावून हॉलच्या मागच्या बाजूला उभा होता. केकच्या वेळी नेहमीप्रमाणे कुणीतरी दिवे घालवले. मेणबत्तीच्या उजेडात सई आईच्या कडेवर, तोंडाचा चंबू केलेली. फ्लॅश कॅमेऱ्यावरच होता. दिलीपने लांबूनच तीन-चार फोटो घेतले. मग दिवे लागले, तो पुढे गेला आणि पस्तीसची लावून जवळून आणखी काही फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत कॉम्प्युटरवर बघताना त्याला दिसलं की लांबून काढलेल्या फोटोंत सईचा उजवा डोळा फ्लॅशने लाल आला आहे आणि डावा पांढरा. रस्त्यावरच्या मांजराचा गाडीच्या उजेडात दिसतो तसा. जवळून काढलेल्या फोटोंत दोन्ही डोळे नीट होते. फ्लॅशमध्ये डोळे लाल येणं हे रोजचंच आणि ते काळे करणं हेही रोजचंच काम. पांढरा डोळा त्याने याआधी पाहिला नव्हता. पण एका लेन्समधून दिसतंय आणि दुसऱ्या लेन्समधून दिसत नाही म्हटल्यावर त्याने दोष लेन्सला दिला. बुरशी... दुसरं काय असणार. त्याने उजवा डोळा काळा केला, त्याचीच नक्कल उचलून डाव्यावर बसवली, कडा मिसळून टाकल्या. हाताला सवय होती, फार वेळ लागला नाही. अल्बम गेला. त्यातला नेमका तोच फोटो, चंबू केलेला, अर्चनाताईंना सगळ्यात आवडला. त्यांनी तो मोठा करून मागितला आणि घरी बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर लावला.

लेन्स साफ करायला तो उल्हासनगरला घेऊन गेला. ज्याने ती विकली होती त्या गोपशेठने ती खोलली, दिव्यासमोर धरली, फिरवून पाहिली. “दिलीपभाई, इसमें तो कुछ नहीं है. थोडी धूळ होती, काढली. फंगस कुणी सांगितला तुला?”

“फोटोत डाग येतोय.”

“सगळ्या फोटोत?”

“नाही. एकाच पोरीच्या.”

गोपशेठ हसला. “तो फिर पोरीला साफ करून आण ना, माझ्याकडे कशाला आला?”

दिलीपने मला हा संवाद कितीदा तरी ऐकवला असेल, दर वेळी शब्दाला शब्द. गोपशेठच्या विनोदावर आपण हसलो होतो, हेही तो दर वेळी सांगायचा. लेन्स पिशवीत घालून तो परत आला आणि त्या घरी फोन करायचा विचार त्याच्या मनात आला. त्याने केला नाही. वर्षाच्या मुलीच्या डोळ्यात काहीतरी दिसतंय असं वाढदिवसाच्या आठवड्यात आईला कोण सांगणार? बाळाच्या गालाला तीट लावल्याशिवाय फोटो काढू न देणारी घरं त्याने रोज पाहिली होती. फोटोग्राफरने तोंडातून असं काही काढलं तर उद्या मुलाला सर्दी झाली तरी त्याच्याच नावाने खडे फोडतील. शिवाय आपण डॉक्टर नाही... असं सगळं तो स्वतःला समजावत राहिला, आणि दिवस गेले.

पावसाळ्यानंतर अर्चनाताई स्टुडिओत आल्या. सईचा डावा डोळा तिरळा दिसतोय असं आधी तिच्या आजीला वाटलं, मग बदलापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. डोळ्याच्या आत गाठ होती. जीव वाचवायला डोळा काढावा लागला. आता तिथे खोटा डोळा होता आणि हॉस्पिटलच्या कागदपत्रांसाठी फोटो हवा होता. सईला त्यांनी स्टुलावर बसवलं. फोटो झाल्यावर त्या दिलीपला म्हणाल्या, “दादा, तुमचे उपकार आहेत बघा. तो वाढदिवसाचा फोटो नसता तर माझ्या पोरीचे दोन डोळे कसे दिसायचे तेसुद्धा राहिलं नसतं.”

हे त्याने मला सांगितलं त्या दुपारी स्टुडिओत आम्ही दोघंच होतो. नंतर मी ओळखीच्या एका नेत्रतज्ज्ञांना विचारलं. फोटोत पांढरी चमक दिसणं हे या आजाराचं लक्षण असू शकतं, पण मूल तिरकं बघत असेल तर निरोगी डोळाही कधी कधी तसा दिसतो, असं ते म्हणाले. तेव्हाच दाखवलं असतं तर डोळा वाचला असता का, यावर त्यांनी “कदाचित” एवढंच उत्तर दिलं. मी ते दिलीपला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, “कदाचित म्हणजे काय रे? हो की नाही?”

“कदाचित म्हणजे कदाचित. पण तू त्यांना सांग.”

“काय सांगू? तुम्ही रोज ज्याच्याकडे बघता तो डोळा मी चिकटवलाय?”

“हो. असंच.”

“तू छापतोस आणि दुसऱ्या दिवशी दुसरं छापतोस. मला दरवर्षी तिथे जेवायला जायचंय.”

तो दरवर्षी गेला. त्यांनी बोलावणं कधी चुकवलं नाही आणि त्याने जाणं. दर वाढदिवसाला सई टीव्हीसमोर, त्या मोठ्या फोटोखाली उभी राहायची आणि अर्चनाताई म्हणायच्या, “दादा, त्या फोटोसारखा काढा.” एकदा मी बरोबर होतो. ज्या मुलीने आता लाजणं सोडलं होतं, जी त्याच्या गळ्यात पडून “काका, केस नीट आहेत का?” असं विचारत होती, तिच्यासाठी तो लांब लेन्स लावून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथून त्याला एकाच चौकटीत दोघी दिसत होत्या, खालची सई आणि वरची. सईचे वडील चेष्टेने म्हणाले, “दिलीपराव, अजून मागे जाल तर आंबेशिव गावात पोहोचाल.” सगळे हसले. दिलीपने फोटो काढला आणि कितीतरी वेळ कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला नाही.

त्याच्या कामात या काळात एक बदल झाला होता. स्टुडिओत आलेल्या प्रत्येक मुलाचा, चांगले फोटो काढून झाले की, तो दिवे मालवून लांबून फ्लॅशचा एक फोटो घ्यायचा आणि तो तसाच, न सुधारता, मोठा करून बघायचा. शंका आली की आईबापांना सांगायचा. बरेच घाबरले, काही तपासून आले, कुणालाच काही निघालं नाही. “फोटो काढायला आलोय, पोराला नाट लावून घ्यायला नाही,” असं एक जण जिन्यातून ओरडून गेला. अंबरनाथमधल्या बायकांत हळूहळू बोललं जाऊ लागलं की तिथे बाळाला नेऊ नका, तो अंधार करतो आणि मग काहीतरी सांगतो. गिऱ्हाईक कमी झालं. वहिनींना वाटे की मोबाइलमुळे कमी झालं. तेही खरं होतं. आणि मोबाइलचीच त्याला जास्त भीती वाटायची. “आता फोन स्वतःच डोळे दुरुस्त करतो,” तो मला म्हणाला होता. “आईला दिसायच्या आधीच. माझ्यासारखा एक तरी माणूस लागायचा पूर्वी.”

तेराव्यानंतर मी आणि वहिनी हेंद्रेपाड्याला गेलो. मी फोनवर फक्त गेल्याचं कळवलं होतं. पलीकडून “बरं” असं उत्तर आलं होतं आणि दिवसकार्याला त्या घरातून कुणी आलं नव्हतं. वहिनींना ते लागलं होतं. “एवढं केलं त्यांच्यासाठी,” रिक्षात त्या दोनदा म्हणाल्या. दार अर्चनाताईंनी उघडलं. पाणी दिलं. टीव्हीच्या वर तो फोटो होता. मग अर्चनाताईंनी वहिनींना विचारलं, “वहिनी, तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

अर्चनाताईंनी सांगितलं. गेल्या वाढदिवसाला जेवणं झाल्यावर, सई आत झोपायला गेल्यावर, दिलीपने दोघा नवरा-बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. लेन्स, गोपशेठ, न केलेला फोन, चिकटवलेला डोळा. सईचे वडील उठून गॅलरीत गेले. “मी म्हटलं, दादा, आता या घरात पाऊल टाकू नका. तर ते हो म्हणाले. चप्पल घातली आणि गेले...” वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मला ठाऊक होतं हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. अर्चनाताई पुढे म्हणाल्या, “तो फोटो काढायला म्हणून मी कितीदा स्टुलावर चढले. काढला तर सई विचारणार, का काढला. तिला काय सांगू? तिला यातलं काही माहीत नाही.”

“माहीत आहे मला,” सई आतल्या दारातून म्हणाली. ती आता शाळेच्या वरच्या वर्गात आहे, आवाज आईसारखाच आहे. “मी झोपले नव्हते त्या दिवशी.” आईने तिला आत जा म्हटलं. ती गेली नाही. तिने वहिनींना विचारलं, “काकू, खरा फोटो काकांच्या कॉम्प्युटरमध्ये असेल ना?”

“काय करायचाय तुला तो?” अर्चनाताईंचा आवाज चढला होता.

“मला बघायचाय. तो डोळा काकांनी केलेला आहे. माझा खरा, आजारी, मी कधी बघितलाच नाही.”

“असेल. बघू या,” वहिनी म्हणाल्या. पुढच्या रविवारी मायलेकी अंबरनाथला आल्या. वहिनींनी स्टुडिओ उघडला. दिलीप गेल्यापासून तो बंदच होता आणि आत ओलसर वास होता. कपाटात लेन्स ओळीने होत्या, लांब लेन्सवर कानटोपरं तसंच. मुलांच्या तोंडासमोर धरायची खुळखुळी खिळ्याला लटकत होती. वहिनी पासपोर्टचे फोटो छापायच्या, त्यामुळे प्रिंटर त्यांना येतो. जुन्या फोल्डरमध्ये फाइल सापडली, न सुधारलेली. दिलीपने ती पुसली नव्हती. पडद्यावर त्यांनी ती मोठी केली नाही, तशीच छापायला दिली.

तो प्रिंटर एकच कागद आत-बाहेर करून एकेक रंग चढवतो. पहिल्या फेरीत कागद पिवळा होऊन आला, त्यात सईचा फ्रॉक आणि मेणबत्ती कळत होती. दुसऱ्या फेरीत लाल चढला, गाल आले, उजवा डोळा आला. मग निळा, आणि मागचा अंधार भरला. प्रत्येक फेरीत सगळीकडे काही ना काही चढत गेलं. डाव्या डोळ्याच्या जागी शेवटपर्यंत काहीच चढलं नाही, तिथे कागद कोरा राहिला. सईने तो कडांना धरून काढून घेतला, कारण अजून गरम होता. तिने तो जवळ धरला, मग हात लांब करून पाहिला.

“आई,” ती दाराकडे वळून म्हणाली, “ये ना. बघ तरी.”

अर्चनाताई जिन्यातच उभ्या होत्या.