चर्चमधले अनवाणी

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावच्या मराठी मंडळींनी मला जितके देव सुचवले, तितकी औषधं डॉक्टरांनीही दिली नव्हती. कोणी अंगारा आणला, कोणी पोथी. मी सगळ्यांना चहा पाजला. माझा विश्वास उरला होता तो फक्त जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांच्या छोट्या बाटलीवर. सकाळी आधी थकवा उठायचा, मग मी. ऑफिसला जायचो, परत यायचो, आणि खिडकीपाशी बसून अंगणातल्या बर्फाकडे बघत राहायचो. मरणाची भीती होतीच, पण जगण्याचाही कंटाळा आला होता, आणि हे कोणाला सांगायचं ते कळत नव्हतं.

शेवटी आमच्या लेकीनेच इटलीची तिकिटं हातात ठेवली. ‘डॅड, फॉर वन्स, जस्ट डू नथिंग,’ म्हणाली. हृदयरोग्याच्या आरामासाठी तिने डोंगरावरचं जुनं गाव निवडलं यात तिचा दोष नाही; माहितीपत्रकातल्या फोटोत चढ दिसत नाही.

मी आणि माझी बायको शैला, दोघं त्या गावात जवळजवळ रांगतच फिरलो. दहा पावलं, मग बाक. थोडी कॉफी, मग पुन्हा बाक. मोठ्या कॅथीड्रलमध्ये थडग्यांवरचे संगमरवरी बिशप सोनेरी छताखाली पहुडले होते. मी म्हणालो, ‘हयातभर साधेपणाचा उपदेश केला, आता बघ.’ शैला म्हणाली, ‘तुम्हाला कुठेही गेलं तरी देवळांचे ट्रस्टीच दिसतात.’

त्याच दुपारी एका अरुंद गल्लीत छोटंसं चर्च लागलं. ना सोनं, ना तिकीट. शैलाने दारातच चपला काढल्या आणि माझ्या बुटांकडे बघितलं.

‘अगं, इथे काढत नाहीत.’

‘त्यांच्यात नसतील काढत. आपण काढतो.’

मी बूट-मोजे काढले. मग तिने खांद्यावरची चामड्याची पर्सही पायरीवर ठेवली. तिच्या माहेरच्या देवळात चामडं आत नेत नाहीत. माझ्या पट्ट्याकडेही तिची नजर गेली. ‘पट्टा काढला तर विजार खाली येईल,’ मी म्हणालो, ‘ते चालेल का देवाला?’ ती हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच इतकी मोकळी हसली. पासपोर्ट माझ्या खिशात होते, म्हणून आम्ही निर्धास्त आत गेलो. गोळ्या पर्समध्ये आहेत हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आत गारवा होता. बाकावर टेकलो आणि काही वेळाने छातीवर तो ओळखीचा दगड येऊन बसला. डावा हात जड झाला. ‘गोळी,’ एवढंच म्हणालो.  शैला अनवाणी बाहेर धावली आणि तशीच परत आली. पायरी रिकामी होती. चपला, बूट, पर्स, काहीच नव्हतं. ‘अहो, नाहीये हो तिथे,’ म्हणत ती माझ्या पायाशीच बसली. मी आयुष्यभर देवाशी वाद घातला. तेव्हा मात्र एकही मुद्दा सुचला नाही. डोळे मिटले आणि मनात म्हणालो, आता माझ्याच्याने काही होणार नाही, तूच बघ. कोणाला म्हणालो, माहीत नाही.

तेवढ्यात बाजूच्या दारातून मोठमोठ्याने बडबडत एक म्हातारी आली. डोक्याला काळा रुमाल, एका हातात आमची पादत्राणं, काखेत पर्स. समोरच्या बाकांवर तीन-चार माणसं होती. ती प्रत्येकाचे पाय बघत बघत आमच्यापर्यंत आली. गावात चोर आहेत, पर्स अशी कोण टाकतं, असं काहीसं ती रागावून सांगत असावी. तिला आमची ओळख पटली ती अनवाणी पायांमुळे. शैलाने पर्स ओढून घेतली. गोळी जिभेखाली गेली. हळूहळू दगड हलला.

मग म्हातारी खाली बसली आणि माझे गार पडलेले पाय तिने आपल्या रुमालात घेऊन चोळायला सुरुवात केली. माझ्या आईच्या वयाची बाई माझ्या पायांना हात लावत होती. मी पाय मागे घ्यायला बघितलं, जोर नव्हता. तिने एक चापट मारली आणि मोजे चढवले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी ते पुसलं नाही.

उठता आल्यावर शैला तिच्या पाया पडायला वाकली. हीदेखील कोसळतेय असं वाटून म्हातारीने घाबरून तिला मिठीच मारली. दोघी हसत-रडत तशाच उभ्या राहिल्या.

चामडं बाहेर ठेवलं म्हणून प्रसंग ओढवला, आणि पाय अनवाणी होते म्हणून निभावला. याचा हिशोब मी मांडत नाही. थकवा अजून आहे. पण सकाळी पलंगावर बसून मोजे चढवताना हात क्षणभर थांबतात. त्या मावशीचं नावही विचारायचं राहिलं. जिथे असेल तिथे तिला नमस्कार पोचो. सगळं आपल्यालाच सांभाळायचं असतं, या समजुतीचं ओझं तिने त्या दुपारी माझ्याकडून काढून घेतलं. ते मी अजून परत मागितलेलं नाही.