फ्रीजखालच्या विटा

उल्हास नदीचं पाणी पुरात कुठवर चढतं, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. एकदा कल्याणला नदीकाठच्या एका चाळीत टेप घेऊन गेलेलो. चाळीचे मालक दारातच म्हणाले, "पाणी? आमच्याकडे? कधीच नाही! कोण बोलला?" त्यांना खोल्या विकायच्या होत्या. आत पाहतो तर त्यांचा फ्रीज एकावर एक रचलेल्या सहा विटांवर आणि प्लग माझ्या खांद्याच्याही वर.

"मग हे काय?"

"उंदीर फार झालेत, साहेब."

उंदरांसाठी सहा विटा? माझं डोकंच फिरलं. पण वाद न घालता मी विटांची उंची मोजली आणि वहीत लिहिली.

मालक मला सोडायला फाटकापर्यंत आले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "साहेब, यंदा अजून दोन लावू का?"